आबांनी न ऐकलेला सॅक्सोफोन

इंदापूर
३ नोव्हेंबर २०२४

दादा, जय भीम.

अक्षर ओळखलंस का? मी अंजू. आता लोक मला सिस्टर म्हणतात, सरकारी दवाखान्यात नोकरी करते, पण तुला लिहायला बसले की अंजूच होते.

तुझा पत्ता विकीनं दिला. फुलाबाई मावशीचा नातू. तू गेलास तेव्हा तो चड्डी सावरत फिरायचा, आता ट्रक चालवतो. वापीत कंपनीच्या गेटासमोर चहा पिताना तू दिसलास म्हणे. "चेहरा नाही ओळखला मावशी, चाल ओळखली," म्हणाला, "डिट्टो बाजीरावआबा." घरी सांगू नकोस म्हणून तू त्याला बजावलंस, हेही त्यानं आल्या आल्या सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस. त्याच्या पोटात पाणीसुद्धा फार वेळ राहत नाही. नंबर मागितला तर तू दिला नाहीस, म्हणून पत्र. कितीतरी वर्षांनी पोस्टात जाऊन पाकीट आणलं.

मला एक मुलगी आहे. वृषाली. तू तिला पाहिलेलं नाहीस. पुण्याला कॉलेजात शिकते आणि सॅक्सोफोन वाजवते.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवून चहा करून आले.

तिला कुणी शिकवायला बसवलं नाही. पाचवीच्या सुट्टीत वरकुट्याला आबांकडे गेली होती, माळ्यावर चढली, आणि तुझ्या सॅक्सोफोनची पेटी तिला सापडली. बाजा खाली आणून फुंकला. आबा अंगणात बाजेवर पडले होते. ते म्हणाले, "म्हशीला काय झालं बघा गं." मग पोरगी बाजा गळ्यात अडकवून दारात आली. आबा तिच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, आता काहीतरी होणार. ते कूस बदलून झोपले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वाजवला, तेव्हा उठून शेतात गेले. नाही म्हणाले नाहीत. पुढे तिच्या परीक्षा सुरू झाल्या, घरात सर्टिफिकिटं यायला लागली, तेव्हा त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला: "परीक्षा हाय म्हंजी शिक्षण हाय."

शिकवलं दादासो मास्तरांनी. पलटणीच्या बँडमधून रिटायर होऊन बारामतीत राहतात. कागदावरचं संगीत वाचायला त्यांनीच शिकवलं. तुझा सॅक्सोफोन वाईट नाही म्हणाले, पण वरातीचा आहे, सूर चढा आहे, दुसऱ्या वाद्यांशी जुळणार नाही. म्हणून आता तिच्याकडे दुसरा आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. सुट्टीला आली की एकदा तरी तुझाच काढते.

आता मुद्दा. पुण्यात विद्यार्थ्यांचा आणि हौशी वादकांचा एक ऑर्केस्ट्रा आहे. गाण्यांचा नाही, व्हायोलिनं वगैरेंचा, चाळीसेक माणसांचा. त्यांच्यासमोर उभी राहून वृषाली एकटी वाजवणार आहे आणि ते तिला साथ देणार आहेत. अशा रचनेला कॉन्चेर्टो म्हणतात. तुला माहीत असेल, मला आता कळलं. कार्यक्रम बारामतीत आहे, रविवारी १९ जानेवारीला संध्याकाळी.

आबांची तब्येत बरी आहे. नातीचं कौतुक सगळ्यांना सांगत असतात. फार खूश आहेत.

तू ये.

तुझी
अंजू


इंदापूर
२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे ते कुणीतरी घेतलंय.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली आणि एक लिहिलीच नाही.

न लिहिलेली आधी. आई गेली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मी काम करते त्याच दवाखान्यात. विकीनं तुला सांगितलं असेल, नसेल, मला त्याला विचारवलं नाही. शेवटच्या दिवसांत ती तुझं नाव घेत नव्हती, उगीच तसं लिहिणार नाही. ती मला म्हणत होती, "तू जेवलीस का?" तुलाही तेच विचारलं असतं.

खोटी गोष्ट म्हणजे आबा खूश आहेत ही. आबांनी नाही म्हटलंय.

दिवाळीच्या सुट्टीत वृषालीनं त्यांना सांगितलं तेव्हा मी चुलीपाशी होते. सगळं ऐकलं.

"कुठं म्हणलीस?"

"बारामतीत, आबा."

"पुण्यात हॉल न्हाईत व्हय?"

"आहेत की. पण हे लोक दर वर्षी एका बाहेरच्या गावात कार्यक्रम करतात. यंदा मीच म्हटलं, बारामतीत करा."

"तूच म्हणलीस?" आबा उठून बसले. "हे बघ बाय. पुण्यात वाजव. मुंबईत वाजव. इमानात बसून परदेशात वाजवाय जा, मी तुला सोडाय येतो. हितं न्हाय."

"का पण?"

"हितं समदी वळखत्यात."

"म्हणूनच तर, आबा."

आबांनी पायात चपला घातल्या आणि दाढी करायला निघून गेले. त्यांचा राग तिथेच निवायचा, पण त्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात द्राक्षबागायतदाराचा सौरभ बसला होता. कार्यक्रमाचा कागद गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. सौरभ म्हणाला, "काय बाजीरावआबा, नात वाजवती म्हणं? बरं झालं, आता आमच्या वरातीला बँड भायेरनं आणाय नको." चारपाच पोरं हसली. आबा खुर्चीतून उठले ते अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन घरी आले. दारात उभे राहून वृषालीला म्हणाले, "ऐकलंस? हे असं." पुढे चार दिवस ते एका गालावर दाढी घेऊन फिरले. दुसऱ्या न्हाव्याकडे गेले नाहीत, स्वतः केली नाही. मला हसू येत होतं आणि बघवतही नव्हतं.

मग मी वृषालीला तुझं सांगितलं. आजवर तिला एवढंच माहीत होतं, की मामा भांडून गेला. काय सांगितलं ते तुला लिहिते. त्या दिवशी तू तिथे होतास, मी नव्हते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

मी सांगितलं की आपले आजोबा गावची हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे वाजवावीच लागायची. दवंडीला, जत्रेला, कुणाच्याही वरातीपुढे. छप्पन साली दीक्षा घेतली, आणि पुढच्या लग्नसराईत बोलावणं आलं तेव्हा ते हलगी घेऊन चावडीवर गेले आणि पायरीवर ठेवून परत आले. त्या वर्षी गावात आपल्याला कुणी काम दिलं नाही. तेव्हापासून घराचा एकच नियम, दुसऱ्याच्या दारात वाजवायचं नाही. आणि तू इंदापुरात बँड पार्टीत जायला लागलास, घरी गॅरेजमध्ये काम करतो म्हणून सांगून. एक दिवस आबा कचेरीतून सुटून स्टँडकडे चालले होते. समोरून वरात आली. लाल कोट घालून सगळ्यांच्या पुढे तू. नवरदेवाचा कुणी दारू प्यालेला पाहुणा आला, त्यानं नोटेला थुंकी लावली आणि तुझ्या कपाळाला चिकटवली. तू वाजवत राहिलास.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "माझ्या बापानं ठेवलं ते तू उचाललंस." तू म्हणालास, "त्यांना वाजवावं लागायचं. मला वाजवायचंय." आबा म्हणाले, "घर धर न्हाय तर बाजा धर." तू दोन्ही सोडून गेलास.

वृषाली सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग मामानं इतक्या वर्षांत एक फोन का नाही केला?" प्रश्न तुझाच आहे. उत्तर येत असेल तर लिही.

मी म्हटलं, आबांना न सांगता वाजव, त्या दिवशी मी त्यांना काहीतरी कारण काढून वरकुट्यात ठेवते. तर पोरगी माझ्यावरच उखडली. "लपून वाजवणार नाही. मामानं लपून वाजवलं, काय झालं? आबा हॉलमध्ये बसणार असतील तर मी वाजवीन. नाहीतर ऑर्केस्ट्रावाल्यांना कळवते, दुसरं कुणीतरी बघा." डिसेंबर संपायच्या आत तिला पुण्याला कळवायचंय. तिच्या जागेवर टपलेली दोघं-तिघं आहेत. आणि अशी संधी तिला पुन्हा मिळेल असं दादासो मास्तरांना वाटत नाही.

लागलं असेल तर लागू दे. तिचं म्हणणं जसं होतं तसं लिहिलं.

अंजू


इंदापूर
१६ डिसेंबर २०२४

दादा,

काल आम्ही पुण्याला जाऊन आलो. मी आणि आबा.

वृषालीनं फोनवर त्यांना एवढंच म्हटलं होतं, "आबा, एकदा तालीम बघा आणि मग नाही म्हणा. न बघता नाही म्हणू नका." आबा कचेरीत आयुष्य काढलेले. न बघता शेरा मारायचा नाही, हे त्यांना पटतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, कोर्टात तारखेला जाताना लावायचे तसं, आणि सकाळच्या यष्टीनं निघालो.

तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. हातात काडी घेतलेला एक तरुण मुलगा समोर उभा.

"ह्यो मालक का?" आबांनी विचारलं.

"नाही आबा, कंडक्टर."

"यष्टीचा कंडक्टर दोरी तरी वढतो. ह्याच्या हातात काय? काडी."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई वळून हसल्या. व्हायोलिन वाजवणाऱ्या, गोव्याकडच्या. आबांनी लगेच चौकशी मांडली: तुमी कुणाच्या, किती वर्षं वाजवता, पगार किती. बाई म्हणाल्या, "पगार नाही हो, आम्हीच दर महिन्याला वर्गणी भरतो." आबा माझ्या कानाशी आले. "पदरचं घालून वाजवत्यात?" मग बराच वेळ ते त्यांच्या पायातल्या चांगल्या चपलांकडे बघत होते.

वृषाली पुढे आली. मी तिचं वाजवणं घरी ऐकलेलं, पण ते तुकड्यातुकड्यांनी. एकच ओळ वीस वेळा, दाराआडून. अशी, चाळीस माणसांच्या पुढे उभी राहिलेली, पहिल्यांदा पाहिली. आधी बराच वेळ बाकीचेच वाजवत राहिले आणि ती नुसती उभी. आबा अस्वस्थ. "हिला इसरली का काय? कवा सांगणार वाजीव म्हणून?" मी म्हटलं, कुणी सांगत नाही, तिचं तिला माहीत आहे. मग ती सुरू झाली.

दादा, ते कसं होतं हे मला लिहिता येणार नाही. तुला लिहिता आलं असतं.

मध्येच एका ठिकाणी तिनं वाद्य खाली घेतलं आणि हात वर केला. "सॉरी, मला घाई झाली. पुन्हा घेऊया?" काडीवाल्यानं काडी खाली केली. चाळीसही थांबले. एक पिकल्या केसांचे गृहस्थ मोठ्या वाद्याला टेकून बसलेले, त्यांनी चष्मा पुसला आणि पान मागे उलटलं.

आबा ताठ बसले.

"तिनं थांबीवलं?"

"हो."

"आन समदी थांबली?"

"थांबली की."

तालीम संपली. बाहेर आल्यावर आबा वृषालीला म्हणाले, "काय खातीस का न्हाय? हाडं वाजत्यात बाजाच्या आधी." बस एवढंच. ती बिचारी माझ्याकडे बघत राहिली.

परतीच्या गाडीत मला खिडकीपाशी बसवून ते डोळे मिटून होते. झोपलेत असं वाटलं. भिगवण यायच्या आधी डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "माझ्या बापाला थांबता येत नव्हतं. वरात चालली तर वाजवायची, थांबली तरी वाजवायची. बोटं फुटायची त्यांची. मी लहान व्हतो, फडकं बांधाय जवळ पळायचो तर लोक म्हणायचं, ए, मधी येऊ नगं." मग गाडी भिगवणला थांबली, माणसं चढली-उतरली. गाडी निघाल्यावर म्हणाले, "सांग तिला. बारामतीत वाजव म्हण."

मी काही बोलणार तोच बोट वर केलं. "पर कुणी नोट काढली तर मी उठंन. एकदा बगितलं. पुन्यांदा न्हाय बगणार."

आज सकाळी वृषालीला सांगितलं. फोनवर रडली असावी, कारण म्हणाली, "नेटवर्क जातंय."

तू काय करतो आहेस? थंडी आहे का तिकडे?

अंजू


इंदापूर
१० जानेवारी २०२५

दादा,

सोबत पास आहे. खुर्ची माझ्या शेजारची, आबांच्या शेजारची नाही. मध्ये मी आहे. संदेश, माझे यजमान, पलीकडे बसतील. शाळामास्तर आहेत, गरज नसताना बोलत नाहीत, तुझं जमेल. आबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

इकडे आबांनी कार्यक्रम स्वतःचा करून टाकलाय. वरकुट्याहून दोन जीपगाड्या ठरल्यात. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं आणि सूचना दिल्या. मधी टाळी न्हाय. शिट्टी न्हाय. फोन बंद. पोरगं रडलं तर आईनं न्हाय, बापानं भायेर न्यायचं. आणि नोट न्हाय. कुणी खिशात हात घातला तर गाठ माझ्याशी.

गेणूतात्या भिंतीला टेकून बसले होते. ऐंशीला आले, आता काठी लागते. म्हणाले, "टाळी न्हाय, शिट्टी न्हाय, नोट न्हाय. मंग जायचं कशाला, बाजीराव?"

"ऐकाय."

"ऐकाय कुणी गाडी करून जातं व्हय?"

सगळे हसले. आबाही हसले, फार दिवसांनी. मग म्हणाले, "हितं गप बसून ऐकता का न्हाय? तसंच बसायचं."

मला मात्र भीती वाटते. वाजवण्याची नाही, तिचं ती बघेल. आबा उठून चालू लागले तर ती वरून बघणार, ही भीती. तिच्या उमेदीच्या वर्षांत तिनं एका माणसाची पाठ बघावी आणि ती जन्मभर डोळ्यांपुढे राहावी. तुझं तसं झालं का? पाठ तुझी होती की आबांची, मला अजून नीट ठरवता येत नाही.

ये. बोलू नकोस कुणाशी. नुसता येऊन बस.

अंजू


इंदापूर
२२ जानेवारी २०२५

दादा,

तू आला नाहीस.

मी दारावरच्या मुलाला तुझं वर्णन सांगून ठेवलं होतं. ते वर्णन सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलाचं होतं, हे नंतर लक्षात आलं. खुर्ची रिकामी राहिली. कुणी बसायला आलं की मी पदर टाकायची.

झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर मी भलतीकडेच जाईन.

हॉल भरला होता. पुढे बारामतीची शहरी मंडळी, मागे आपली. बायकांनी जयंतीला नेसतात त्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या. सगळं गाव इतकं शांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. एक खोकला आला तरी दहा जणी वळून बघत होत्या. वृषाली काळ्या पंजाबी ड्रेसमध्ये आली, वाकली, आणि तिनं सरळ आमच्या रांगेकडे पाहिलं. आबांनी मान हलवली.

रचनेचे तीन भाग आहेत, मध्ये थोडं थांबतात. पहिला भाग जोरकस होता. तो संपला. आपल्यापैकी कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या मंडळींपैकी दोघा-तिघांनी वाजवली, तेव्हा आपल्या बायकांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ती विझलीच.

दुसरा भाग संथ. त्यात एक जागा अशी येते, की सगळे थांबतात आणि सॅक्सोफोन एकटा राहतो. मी आबांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी पाहिलं. ते पुढे वाकून, हाताचा पंजा कानामागे धरून बसले होते.

तो भाग संपला. शांतता. आणि त्या शांततेत काठीचा आवाज आला.

गेणूतात्या उठले होते. मधल्या वाटेने स्टेजकडे निघालेले, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात वर धरलेली नोट. तोंडाने "लय भारी, पोरी, लय भारी" असं म्हणत. डोळ्यांतून पाणी. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण कुणाला काय करावं कळेना. काडीवाला वळून बघत होता. वृषाली नोटेकडे बघत नव्हती, आबांच्या खुर्चीकडे बघत होती.

आबा उठले.

दादा, मी त्यांचा सदरा धरला. खरंच धरला, लहान पोरीसारखा. त्यांनी तो सोडवून घेतला आणि वाटेवर गेले. दरवाजा मागे होता. ते पुढे गेले.

गेणूतात्यांना त्यांनी स्टेजच्या पायऱ्यांपाशी गाठलं. मला वाटलं, आता भर हॉलमध्ये ओरडणार. त्यांनी तात्यांचा वर धरलेला हात हळू खाली घेतला, बोटांतली नोट काढली, घडी केली आणि तात्यांच्याच खिशात घातली.

"न्हाय रं तात्या," म्हणाले. हळूच म्हणाले, पण तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. "तिला त्ये नगं. तिला तू ऐकल्यालं पायजे."

"मंग तिला कळंल कसं, मला आवाडलं म्हणून?"

आबा वर वृषालीकडे बघायला लागले, जणू तिनंच सांगावं. वृषाली स्टेजच्या कडेला आली, खाली बसली आणि म्हणाली, "कळलं मला, तात्या. अजून एक भाग राहिलाय, बसा."

तात्यांना परत मागे नेणं शक्य नव्हतं. आबांनी त्यांना पहिल्या रांगेतल्या एका कोपऱ्यातल्या जागेवर बसवलं, स्वतः शेजारी पायरीवर बसले, आणि काडीवाल्याला हाताने खूण केली: चालू द्या. तो हसला आणि त्यानं काडी उचलली.

शेवटचा भाग फार जलद आहे. मी पाहिलं किती आणि ऐकलं किती, मला माहीत नाही. संपल्यावर मात्र आबांची बंदी उठली असं आपल्या लोकांनी परस्पर ठरवलं. टाळ्या, शिट्ट्या, सगळं. मागून कुणीतरी "जय भीम" म्हटलं आणि वृषालीनं वाद्य धरलेला हात छातीशी नेला.

बाहेर सौरभ भेटला. त्यानं सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं आणि तिथल्या तिथे स्टेटसला टाकलं होतं, "आमच्या गावची शान." आबांना दाखवायला आला. आबा म्हणाले, "व्हय का? कालपतुर आमची व्हती, आज गावाची झाली." तो ओशाळून हसला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. माफ केलं की नाही, विचारू नकोस, मलाही कळलं नाही.

इथपर्यंत मी काल लिहिलं होतं. आज दुपारची पाळी संपवून आले तर आबा आमच्याकडे आलेले. चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला. मग म्हणाले, "अंजे, त्या दिवशी काय वाजवत व्हता गं त्यो?"

मी म्हटलं, "कोण?"

"कोण म्हणती. पदर टाकून कुणाची जागा राखली व्हतीस? मला डोळं न्हाईत व्हय?"

मी गॅसवरचं दूध बघायला वळले.

"सांग की. काय वाजवत व्हता?"

"मला नाही माहीत, आबा. मी नव्हते तिथे. तुम्ही होतात."

"मी नोट बगितली." त्यांनी पालथा कप थोडा सरकवला. "समोरनं आला, दहा पावलांवर व्हता. वाजवत व्हता. आन मी काय ऐकलं ते मला आठवंना. दोन दिस झालं, पडून आठवतोय. ऐकलंच न्हाय मी. घरात तर त्यो माझ्या भ्यानं कधी वाजवायचाच न्हाय. माझं एकुलतं एक पोरगं, वाजवतं कसं मला ठावं न्हाय."

मग मी सांगितलं. पत्रांचं, पत्त्याचं, विकीचं. रागावले नाहीत. उत्तर आलं का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली. "माझ्यावर गेलाय."

तेवढ्यात विकीचा फोन आला, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता म्हणाला, उद्या पहाटे माल घेऊन वापीला निघतोय. मी फोन ठेवला आणि हे पत्र पुरं करायला बसले. म्हटलं, त्याच्या हातीच द्यावं, टपालापेक्षा लवकर पोचेल. आबा विचारत होते, काय लिहितेस. सांगितलं.

आता ते बाहेर पायरीवर बसलेत. उद्याचे बूट आजच घालून. संदेशचा स्वेटर मागून घेतलाय आणि पिशवीत दोन शर्ट भरलेत. मी म्हटलं, "आबा, या वयात ट्रकमधून? तो बोललाही नाही तुमच्याशी तर?" म्हणाले, "न्हाय बोलला तर बसंन थोडा येळ. तू पत्र टपालात टाकू नगं. विकीच्या हातात बी देऊ नगं. मी नेतो."

दादा, म्हणजे हे पाकीट ज्यांनी तुझ्या हातात दिलं, ते अजून दाराबाहेरच उभे असतील. तू म्हटल्याशिवाय ते आत येणार नाहीत, आणि काय म्हणावं हे तुला सुचणार नाही. मी दोघांनाही ओळखते. म्हणून पहिलं वाक्य मीच लिहून देते, तू नुसतं वाचून दाखव.

आबा, आत या.